विमानातून ताजी फुलं न्यायची आहेत: कोणती टिकतात, कशी न्यावीत?

मृण्मयी_क
भाचीचं डोहाळजेवण आहे, गुरुग्रामला. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी, मी शुक्रवारी सकाळच्या विमानाने पुण्याहून निघतेय. साडी, चांदीची वाटी वगैरे काय हवं ते विचारलं, तर बाईसाहेबांचं उत्तर: "मावशी, सगळं इथे मिळतं गं. तू फक्त फुलं आण." म्हणजे सोनचाफा, मोगऱ्याचे गजरे, आणि जमलं तर वाडीचे दागिने (फुलांचे मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा).

माझे प्रश्न:
केबिनमध्ये न्यावीत की चेक-इनमध्ये? सिक्युरिटीवाले अडवतात का? मे महिना आहे, दिल्लीत चाळीसच्या पुढे पारा. खुडल्यापासून कार्यक्रमापर्यंत जवळपास छत्तीस तास जाणार. तग धरतील का?

शिवाय आमचे अहो हापूसची पेटीही देणार म्हणतायत. ती वेगळी चेक-इन करू की सगळं एकाच खोक्यात?

विन्या
केबिनमध्येच न्या. चेक-इनला टाकलीत तर तिकडे गुलकंद उतरवून घ्यावा लागेल.

पेठकर
मला यामागचं प्रयोजनच कळलं नाही. दिल्लीत फुलं मिळत नाहीत? गाझीपूरला देशातल्या मोठ्या फूलबाजारांपैकी एक आहे. पहाटे गेलात तर पोत्याने मोगरा आणाल. इथून दीड हजार किलोमीटर मलूल फुलं वाहून न्यायची आणि तिथे ताज्या फुलांशेजारी ठेवायची, याला हौस म्हणतात. हौसेला मोल नसतं, हे ठाऊक आहे. तरी विचारतो.

चकली
पेठकरकाका, तुमच्या लेकीने "बाबा, चितळ्यांची बाकरवडी आणा" म्हटलं की तुम्ही "तिकडच्या दुकानात मिळते" असं सांगता का? :)

पेठकर
@चकली, बाकरवडी छत्तीस तासांत कोमेजत नाही.

अनघा_दिल्ली
मी इथे बरीच वर्षं आहे, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं देते. मोगरा इथे उन्हाळ्यात भरपूर, सिग्नलवरसुद्धा पोरं गजरे घेऊन येतात. घट्ट, दाक्षिणात्य पद्धतीने गुंफलेले हवे असतील तर आर. के. पुरमच्या मलाई मंदिराबाहेर बघा. गुलाब, झेंडू, निशिगंध गाझीपूरला. पण सोनचाफ्याच्या बाबतीत मृण्मयीताईंचं बरोबर आहे. दारात सोनचाफा असण्याची जी सवय आपल्याकडे आहे ती इथे नाही, आणि बाजारात तो हमखास मिळेल असं कुणी सांगू नये. तेव्हा मोगरा इथला, चाफा तिथला. बाकी हट्ट सोडा.

वसईकर_बाबू
आमची चाफ्याची आणि मोगऱ्याची वाडी आहे, त्यामुळे रोजचाच विषय. पहिल्या लोकलने दादरला माल जातो, तो उघड्या टोपल्यांतून कोमेजायला लागला असता तर आमचा धंदा कधीच बसला असता.

सोनचाफा: उजाडायच्या आत खुडायचा, पाकळ्या मिटलेल्या असताना. कळीचा रंग पिवळा धरू लागलेला हवा. हिरवट कळी खुडली तर ती नंतर उमलत नाही आणि वासही धरत नाही. देठ ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, पाकळीला बोट लावू नका. जिथे दाब पडतो तिथे दोन तासांत तपकिरी डाग उमटतो. म्हणून ढीग करायचा नाही. एक थर, मध्ये केळीचं पान, मग दुसरा थर. तीन थरांवर जाऊ नका.

मोगरा: कळी पहाटे खुडली की संध्याकाळी आपोआप उमलते. तुम्हाला शनिवारी संध्याकाळी उमललेला हवा तर शुक्रवारी पहाटेची कळी उपयोगाची नाही, ती शुक्रवारी रात्रीच फुलून बसेल. थंडीत ठेवून थोडी मागे रेटता येते, पण वास कमी होतो. त्यामुळे अनघाताईंशी सहमत. मोगरा शनिवारी सकाळी तिथेच घ्या.

पाणी शिंपडायचा मोह आवरा. मोगऱ्यावर थेंब राहिला की डाग. कापड ओलं करून घट्ट पिळायचं, दमट राहील इतपत.

मृण्मयी_क
बाबूदादा, फारच उपयोगी. आमचा चाफा वेलणकर जातीचा आहे, कलमाचा, कुंडीतून जमिनीत लावला तेव्हापासून थांबलेला नाही. पहाटे खुडणं जमेल, विमान साडेनऊचं आहे.

टवाळखोर
साडेनऊचं विमान म्हणजे साडेसातला विमानतळ, सहाला कॅब, पाचला चाफा, चारला अंघोळ. भाचीला सांगा, मुलगी झाली तर नाव चंपा ठेवायचं.

मावळचा_शेतकरी
धागा उशिरा पाहिला. आमचं तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊस आहे, डच गुलाब. जानेवारीअखेरपासून १४ फेब्रुवारीपर्यंत आमची फुलं आमच्यापेक्षा जास्त विमानप्रवास करतात, त्यामुळे थोडं लिहितो.

फुलं विमानाने जाणं यात नवल काहीच नाही. केनियातली फुलं रोज ॲमस्टरडॅमला उतरतात आणि आल्समीरच्या लिलावात जातात. फरक इतकाच की तो प्रवास सबंध थंडीत होतो. गुलाब काढल्या काढल्या पाण्यात, मग शीतगृहात २ ते ४ अंशांवर, मग खोकं, मग थंड गाडी. ही साखळी एका ठिकाणी तुटली तरी पलीकडे माल नाकारतात. तुमच्या हातातल्या खोक्याला ही साखळी नाही, पण अंतरही तेवढं नाही. दोन तासांच्या विमानाला फुलं घाबरत नाहीत. त्यांना मारतो तो कॅबचा डॅशबोर्ड आणि केबिनमधली कोरडी हवा. विमानात हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली असते. आपले ओठ सुकतात, फुलाचं तर काय. म्हणून खोकं बंद ठेवा आणि डोक्यावरच्या एसीचा झोत त्यावर घेऊ नका.

सगळ्या फुलांना सारखी थंडी चालत नाही. गुलाब २ अंशांवर खूश असतो. ऑर्किड, अँथुरियम ही उष्ण प्रदेशातली मंडळी, १० अंशांच्या खाली गेली की काळी पडतात. लोक कौतुकाने ऑर्किडचा गुच्छ फ्रीजमध्ये ठेवतात आणि सकाळी दुकानदाराच्या नावाने खडे फोडतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे: आंबे आणि फुलं एका खोक्यात अजिबात नको. पिकणारा आंबा इथिलीन वायू सोडतो. आढीत आंबा पिकतो तो त्यामुळेच, आणि फूल गळतं तेही त्यामुळेच. कार्नेशन आणि ऑर्किडला तर तो लगेच बाधतो. फ्रीजमध्ये ठेवतानाही भाजीच्या कप्प्यात केळी-आंबे असतील तर आधी बाहेर काढा.

चकली
वा! म्हणजे मागच्या गौरीला माझी फुलं एका रात्रीत का माना टाकून बसली ते आता कळलं. शेजारी केळ्यांचा घड होता.

विन्या
@मावळचा_शेतकरी, अवांतर: बाजारात गुलाबाची गड्डी वीसची असते ना? आमच्या सोसायटीखाली अठराच निघतात.

मावळचा_शेतकरी
गड्डी वीसचीच. दोन वाटेत कुणाच्या तरी कानामागे गेले असतील.

फुलवाली_आत्या
वाडीच्या दागिन्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी ऑर्डरने करते, त्यामुळे पार्सल पाठवायचे प्रकार सगळे करून झालेत.

मुकुट न्यायचा नाही. उंच असतो, दबतो, आणि विमानात डोक्यावर घालून बसणार नसाल तर त्याला जागा नाही. बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी, हातातली कडी हे सपाट प्रकार जातात. पुठ्ठ्याच्या पट्टीवर निशिगंधाच्या मिटलेल्या कळ्या शिवायच्या, मध्ये रंगासाठी गुलाबाची छोटी कळी किंवा अबोली. निशिगंध चिवट आहे, कळी दोन दिवस राहते. अबोलीला वास नाही पण कोमेजत नाही म्हणून तिची सगळीकडे वर्णी लागते. शेवंतीची पाकळी घासली की काळी पडते, तेव्हा प्रवासाला नको.

स्टीलचा पसरट डबा घ्या. तळाला दमट मलमल, त्यावर बटर पेपर, त्यावर दागिने, आणि झाकणाच्या आतून कोरडा टिश्यू चिकटवा, म्हणजे झाकणाला जमलेलं पाणी फुलांवर टपकत नाही. हे झाकणाचं कुणी सांगत नाही आणि डाग पडले की फुलवाल्यांना बोलतात.

सुई, कात्री, तार चेक-इनच्या बॅगेत. मुकुट तिथे बसून करा, मोकळ्या कळ्या नेल्या तर तासाभराचं काम आहे.

मृण्मयी_क
आत्या, तुम्ही पुण्यातच ना? विपू (विचारपुशीत निरोप) करते.

सदानंद_डोंबिवली
सिक्युरिटीचं कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. देशांतर्गत प्रवासात फुलांना बंदी नाही. डबा स्कॅनरमधून जातो, कधी उघडायला लावतात, इतकंच. मात्र हातातली बॅग एकच, अधिक बायकांची पर्स, हा नियम आहे. फुलांचा डबा ही दुसरी बॅग धरली तर वाद घालण्यात वेळ जाईल. डबा बसेल अशीच केबिन बॅग घ्या. बर्फाच्या जेल पॅकवरून कधी कधी प्रश्न विचारतात, ती भानगड चेक-इनमध्ये.

पण मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. डोहाळजेवण म्हणजे ओटी आली. ओटी म्हणजे खोबऱ्याची वाटी आली. ती विमानात चालत नाही! केबिनमध्ये नाही, चेक-इनमध्येही नाही. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते पेट घेऊ शकतं म्हणून ज्वलनशील मालात मोडतं. नागरी विमान सुरक्षा विभागाने २०२२ मध्ये ते बंदीच्या यादीत घातलं. अख्खा नारळ चेक-इनमध्ये जातो, केबिनमध्ये नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना मात्र २०२४-२५च्या हंगामात, २० जानेवारीपर्यंत, इरुमुडीतला (डोक्यावरच्या पूजेच्या गाठोड्यातला) नारळ केबिनमध्ये न्यायची खास सवलत दिली होती.

टवाळखोर
म्हणजे आमच्या आजीच्या पिशवीत निम्मा दारूगोळा असायचा तर.

चकली
हे खोबऱ्याचं खरंच माहीत नव्हतं. मी तर दरवर्षी भाजणीच्या चकल्यांबरोबर खोबऱ्याच्या वाट्या नेते लेकाकडे. रेल्वेने जाते म्हणून वाचले.

ऑसीकर
देशातल्या देशात चाललंय म्हणून सगळे खुशीत आहेत. परदेशी जाणाऱ्यांनी हा धागा वाचून गजरे बॅगेत टाकू नयेत म्हणून लिहितो.

मल्याळी अभिनेत्री नव्या नायर हिची सप्टेंबर २०२५ मधली बातमी आठवत असेल. ओणमच्या कार्यक्रमासाठी मेलबर्नला आली होती. वडिलांनी कौतुकाने मोगऱ्याचा गजरा घेऊन दिलेला, दोन तुकडे करून. एक कोचीहून सिंगापूरपर्यंत केसांत माळला, दुसरा पुढच्या प्रवासासाठी हँडबॅगेत. मेलबर्नला तो बॅगेतला, १५ सेंटिमीटरचा तुकडा सापडला. दंड १,९८० ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे १ लाख १४ हजार रुपये. तिने स्वतःच स्टेजवरून सांगितलं.

विन्या
१५ सेंटिमीटरला सव्वा लाखाच्या जवळ? तेव्हाच्या भावाने तोळाभर सोन्याचा गजरा झाला असता, वर मजुरी.

पेठकर
दंड योग्यच आहे. नियम म्हणजे नियम.

रेवा_मेलबर्न
नियम म्हणजे नियम मान्य, पण दंड गजऱ्याचा नव्हता, न सांगितल्याचा होता. उतरताना जो फॉर्म भरतो त्यावर फुलं, बिया, वनस्पती आहेत का असा सरळ प्रश्न असतो. 'हो' वर खूण केली की तपासतात, फार तर तुमच्यासमोर कचऱ्यात टाकतात, आणि तुम्ही हात हलवत बाहेर. 'नाही' वर खूण केली आणि सापडलं की मग पावती. न्यूझीलंडलाही तेच, तिथे जागच्या जागी ४०० डॉलर.

इथे बाहेरून येणाऱ्या व्यापारी फुलांनाही सूट नाही. गुलाब, शेवंती, कार्नेशन यांच्या दांड्या रुजू शकतात, म्हणून त्या आधी ग्लायफोसेटमध्ये, म्हणजे तणनाशकात, बुडवून मगच देशात घेतात. फूल सुंदर दिसतं, पण दांडी मेलेली असते. हे कळल्यापासून मी दुकानातल्या गुलाबाच्या पाकळ्या मुलांना खेळायला देत नाही.

निनाद_न्यूजर्सी
अमेरिकेचं थोडं वेगळं. कापलेली फुलं सरसकट बंद नाहीत. सांगायची, अधिकारी कीड-रोग बघतो, ठीक वाटलं तर सोडतो. पण लिंबाच्या कुळातलं काहीही नाही. यात आपली पंचाईत अशी की बेल, कढीपत्ता, कवठ, कुंती ही सगळी लिंबाचीच भावकी. सिट्रस ग्रीनिंग नावाचा रोग पसरवणारा बारीक किडा कढीपत्त्यावर आणि कुंतीवर आरामात राहतो. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथल्या संत्र्याच्या बागांची वाट लागली. तेव्हा श्रावणी सोमवारसाठी आईने कागदात गुंडाळून दिलेली बेलाची पानं ही त्यांच्या लेखी नुसती पानं नसतात.

सामानाच्या पट्ट्याजवळ बीगल जातीची कुत्री फिरतात. भुंकत नाहीत, अंगावर येत नाहीत. तुमच्या बॅगेशेजारी येऊन शहाण्यासारखी खाली बसतात. मग तुम्ही घाम पुसायचा.

टवाळखोर
आमच्याकडचं कुत्रंही डब्याशेजारी असंच बसतं. त्याला फक्त गणवेश नाही.

मानसी_म्युनिक
युरोपची गंमत ऐका. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमध्ये बाहेरून येणाऱ्या ताज्या फळाफुलांना, भाज्यांना रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, प्रवाशाच्या बॅगेतल्यालाही. त्यातून पाच फळं वगळली: अननस, नारळ, ड्युरियन, केळी, खजूर. म्हणजे भारतात जो नारळ केबिनमध्ये चालत नाही तो म्युनिकला चालतो, आणि पुण्याला जो गजरा चालतो तो म्युनिकला नाही.

इथे फुलं भेट देण्याचेही रीतीरिवाज आहेत. फ्रान्समध्ये कुणाच्या घरी शेवंती नेऊ नका. १ नोव्हेंबरला लोक कबरींवर शेवंतीच्या कुंड्या ठेवतात, त्यामुळे ते फूल तिकडचं आहे. आमच्या एका रशियन शेजारणीला मी बारा गुलाब दिले तेव्हा तिने एक हळूच काढून बाजूला ठेवला. त्यांच्याकडे सम संख्येची फुलं मयताला.

चकली
अगं बाई, आणि आपल्याकडे गौरीला शेवंतीशिवाय पान हलत नाही.

गोंयकारीण
सगळ्यांनी मोगरा-चाफा लावून धरलाय. माझं मत, प्रवासाला सुरंगी न्यावी, नाहीतर बकुळ. फेब्रुवारी-मार्चात वेंगुर्ल्यापासून आमच्याकडे गोव्यापर्यंत सुरंगीचे वळेसर (गजरे) मिळतात. ते सुकतात पण वास सोडत नाहीत. बकुळीचंही तेच, कपाटात वर्षभर घमघमते. आमच्या ओळखीच्या बायका मुंबईच्या लेकींना कोकण रेल्वेने ओळखीच्या प्रवाशाबरोबर वळेसर धाडतात. ताजेपणाचा एवढा ध्यास कशाला? जायांचा वळेसर तर दुपारीच मान टाकतो, आणि त्यावर लोक जीव टाकतात.

(मे महिन्यात सुरंगी संपलेली असते, त्यामुळे मृण्मयीताईंना या सल्ल्याचा काही उपयोग नाही. तरी सांगितल्याशिवाय राहवलं नाही. देव बरें करूं.)

श्रीधर_मणिपाल
फुलं विमानाने जाण्यावरून आमच्या इकडचं सांगायलाच हवं. उडुपीजवळच्या शंकरपुराची मल्लिगे, म्हणजे मोगरा. हिला २००८ मध्ये 'उडुपी मल्लिगे' म्हणून भौगोलिक मानांकन मिळालं. मोजमाप किलोत नाही, चेंडू आणि अट्टी यांत: चार चेंडूंची एक अट्टी. घराघरांत बायका कळ्या केळीच्या सोपट्याच्या धाग्याने गुंफतात, केळीच्या पानात पुडा बांधला जातो आणि तो मुंबईला, आखातात जातो. मदुराईची मल्ली, तिला २०१३ मध्ये मानांकन, तीही सिंगापूर-दुबईला रोज उडते. तेव्हा मोगरा विमानात टिकत नाही असं नाही. केळीच्या पानाला मात्र पर्याय नाही, प्लास्टिकच्या पिशवीत तो गुदमरतो.

@वसईकर_बाबू, शनिवारी उमलायला शुक्रवारची कळी नको, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य.

पेठकर
या धाग्यात एकाने तरी हा हिशेब मांडावा की फुलाचं आयुष्य दोन दिवसांचं आणि त्यासाठी विमानाचं इंधन. आमच्या पत्रिकेत आम्ही 'पुष्पगुच्छ आणू नयेत' असं छापतो, ते उगाच नाही. कार्यालयाच्या मागे दुसऱ्या दिवशी सेलोफेनसकट ढीग पडलेला असतो.

फुलवाली_आत्या
सेलोफेनच्या ढिगाबद्दल तुमच्याशी सहमत. पण मृण्मयी जाणारच आहे, विमान तिच्या चाफ्यासाठी उडत नाही. चाफ्याचं वजन ते किती! आणि तिचा चाफा सेलोफेनमध्ये नाही, केळीच्या पानात चाललाय.

पेठकर
हा मुद्दा मान्य.

विन्या
पेठकरांनी मुद्दा मान्य केला! धागा वाचनखुणांत साठवला.

सायली_प
उलटी वाट कुणाला माहीत आहे का? ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर ट्यूलिपचे कंद आणि गुच्छ खच्चून विकायला ठेवलेले असतात. नवरा पुढच्या महिन्यात येतोय.

सदानंद_डोंबिवली
कंद नको. भारतात लावायचा माल आणायला आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ती प्रमाणपत्र दोन्ही लागतात. पिशवीवर जे स्टिकर असतं ते बहुधा अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी असतं, आपल्याला ते पुरत नाही. कापलेल्या फुलांसाठी २००३च्या प्लँट क्वारंटाइन आदेशात सवलत ठेवलेली आहे: स्वतःसाठी दोन किलोच्या आतली फुलं, हार, गुच्छ हे तपासणी करून सोडता येतात. यजमानांना म्हणावं कस्टमच्या लाल दरवाजातून जा आणि दाखवा.

मानसी_म्युनिक
किंवा तिथेच लाकडी ट्यूलिप मिळतात. पाणी नको, प्रमाणपत्र नको.

सायली_प
लाकडी आणले तर तो इमिग्रेशनपर्यंतच सुखरूप आहे, घराचं मी सांगू शकत नाही.

मृण्मयी_क
सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आले, त्यामुळे वृत्तांत.

शेवटी असं ठरवलं: सोनचाफा इथला, दागिने आत्यांचे (बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी), मोगरा तिथला. आंबे वेगळ्या पेटीत चेक-इन. खोबऱ्याची वाटी बहिणीने तिथे आणून ठेवली, सदानंदजींना तिच्याकडूनही धन्यवाद.

चाफ्याचे दोनच थर केले, केळीच्या पानात. पुण्याला डबा उघडायला लावला. तपासणाऱ्या ताईंनी "ये क्या है, पूजा का?" म्हणून विचारलं, वास घेतला आणि जाऊ दिलं. बॅग सीटखाली ठेवली. गुरुग्रामला पोचल्यावर डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, आधी त्यातले आंबे बाहेर काढून. शनिवारी संध्याकाळी चाफ्याला वास उत्तम होता, रंग मात्र थोडा गडद झाला. खालच्या थरातली पाच-सहा फुलं कडेने तपकिरी पडली, ती मी वाटीत पाण्यात सोडली. दागिन्यांना काहीही झालं नाही. मुकुट तिथेच केला, भाचीच्या सासूबाईंनी. त्या पंजाबी आहेत, त्यांनी हा प्रकार पहिल्यांदाच पाहिला आणि मग कुणाला सुई हातात धरू दिली नाही.

मोगरा अनघाताईंनी सांगितलेल्या ठिकाणचा. तो आपल्यापेक्षा बारीक कळीचा, पण वासाला कमी नव्हता. पेठकरकाकांना हे वाचून आनंद होईल.

पेठकर
झाला.

वसईकर_बाबू
रंग गडद झाला म्हणजे कळी थोडी जास्त पिकलेली खुडलीत. पुढच्या वेळी अर्धा दिवस आधीची घ्या. आणि कप्प्यात खाली कापड घातलं होतं की थेट काचेवर डबा ठेवला?

मृण्मयी_क
थेट काचेवर.

वसईकर_बाबू
मग खालच्या थराचं ते कारण. काच गार पडते, पान तिथे घाम धरतं.

आनंदी_२१
नमस्कार, मी इथे नवीन आहे. धागा लांब आहे, पूर्ण वाचला नाही. नणंद मेलबर्नला असते, तिला मोगऱ्याचा गजरा फार आवडतो. छोटासाच आहे, पर्समध्ये ठेवला तर चालेल ना?

ऑसीकर
आनंदीताई!!! आहात तिथेच थांबा. वर स्क्रोल करा.

रेवा_मेलबर्न
आणि नणंदेचा पत्ता विपूत पाठवा, माझ्या अंगणात मोगरा आहे. मी नेऊन देते.